मोबाइलच्या लक्स ॲपवर ८,००० येतंय. कोरलसाठी लाइट वाढवू का?

भुसावळला खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक, निळी-पांढरी एलईडी, त्यात मशरूम आणि झोआ ही मऊ कोरल, असं तुम्ही लिहिलंय. लाइट सध्या वाढवू नका.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळा हिरवा जास्त टिपतो, निळा फारच कमी. कोरलच्या अंगातलं शैवाल मात्र मुख्यतः निळ्यावर जगतं. म्हणून पार (PAR) मोजायचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन. उन्हात लक्सला ५४ने भागलं की पार मिळतो: ८,०००चे साधारण १५०. पण नुसत्या ४५० नॅनोमीटरच्या रॉयल ब्लूला भाजक ७च्या आसपास येतो आणि तोच आकडा ११००च्या वर जातो! तुमची एलईडी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. त्यात मोबाइलचा सेन्सर निळ्यात आणखी गडबडतो.

पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, एका दिवसापुरता कुणाकडून मागून आणा. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० असेल तर पाण्यातला आकडा थेट वाचा. एमक्यू-५०० असेल तर पाण्यातल्या आकड्याला १.३२ने गुणा. जुनी मॉडेल्स निळा कमी दाखवतात.

आधी लाइटच्या काचेवरचं मीठ आणि धूळ पुसा, टॉप-अप करून पाणी नेहमीच्या पातळीवर आणा. खिडकीचा पडदा ओढा. रोजच्या सेटिंगवर लाइट २० मिनिटं चालू द्या, वेव्हमेकर बंद करा. नाहीतर लाटांमुळे आकडा नाचत राहतो. सेन्सर पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधा आणि अगदी आडवा, तोंड वर करून धरा. जरा कलला की आकडा बदलतो. तळ, मध्य आणि वरचा खडक अशा तिन्ही उंचींवर मधे, कडेला, कोपऱ्यात मोजून कागदावर नकाशा काढा. कोपऱ्यात निम्म्याहून कमी आलं तर नवल नाही. काम झालं की सेन्सर आरओच्या पाण्याने धुवा.

मशरूमला ५० ते १०० पार, झोआ आणि लेदर या मऊ कोरलला ८० ते १५० पुरे. ॲक्रोपोरा या दगडी कोरलचे २००-३०० वाचून त्यामागे लागू नका. तशीही दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे संरक्षित आहेत.

मशरूम आक्रसून पांढुरके पडले तर लाइट जास्त. झोआंचे देठ लांबले तर कमी. बदल आठवड्याला ५ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, रोज आठ तास बास.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी २९ अंशांच्या वर गेलं की एरवी सोसणारा प्रकाशही कोरलला जाळतो. तेव्हा लाइट पाव हिश्शाने उतरवा आणि पाण्यावर पंखा लावा. पंख्याने पाणी भराभर उडतं, क्षारता वाढते. टॉप-अप आरओच्याच पाण्याने, बोअरच्या नाही.