गस्तीनौका, पहारापोत की गस्तीची लाँच?

बडोद्यातील एका अनुवादिकेने विचारले आहे की, बंदराच्या राखणीसाठी फिरणाऱ्या छोट्या बोटीला हिंदीत ‘गश्ती पोत’ म्हणतात, तर मराठीत ‘पहारापोत’ असा शब्द घडवावा काय, आणि ‘गस्तीनौका’ हा फारसी-संस्कृत संकर खटकत नाही काय.

‘पोत’ मी तरी घेणार नाही. संस्कृतात त्याचा अर्थ नौका असला, तरी आजचा मराठी वाचक पोत म्हणताच कापडाकडे किंवा जमिनीकडे वळतो. (गुजरातीतले ‘वहाण’ समुद्रात चालते आणि मराठीतली वहाण पायात, हे बडोदेकरांना सांगायला नको.) ‘पहारा’ हा ‘प्रहर’ या शब्दातून आलेला असून त्यात पाळीचा, एका जागी उभे राहून राखण करण्याचा भाव आहे, उलट ‘गस्त’ ज्या फारसी ‘गश्त’वरून आली, त्याचा अर्थच फिरणे. धक्के, नांगरलेली जहाजे आणि बंदराचे मुख यांच्यामध्ये फेऱ्या मारणारी बोट गस्तच घालते. संकराचे म्हणाल, तर ‘जिल्हाधिकारी’ हा अरबी-संस्कृत जोडशब्द आपण विनातक्रार वापरतो.

खरी अडचण ‘नौका’ या शब्दाची आहे, कारण मराठीत तो आकार सांगत नाही. २६२ मीटर लांबीची ‘विक्रांत’सुद्धा आपल्याकडे विमानवाहू नौकाच असते. म्हणून मूळ मजकुरात लहानपणाला महत्त्व असेल, तर ‘गस्तीची लाँच’ म्हणावे. हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’पासून आला असून उत्पादन ‘लाँच’ करण्याशी त्याचे नाते नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने बंदरांच्या तोंडाशी पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी ज्या ७२ फुटी बोटी वापरल्या, त्यांच्या अधिकृत नावातही ‘मोटर लाँच’ होतेच. त्यांना ‘बंदररक्षक मोटर लाँच’ म्हणता येईल. मात्र २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर, २००९मध्ये नौदलाने उभारलेल्या सागर प्रहरी बलाच्या बोटींना ‘लाँच’ म्हटले, तर वाचकाला घारापुरीला संथपणे जाणारी प्रवासी लाँच आठवेल. तेथे ‘वेगवान गस्ती बोट’ हेच बरे.

‘गलबत’ सुचवण्याचा मोह काहींना होईल. परंतु ते शिडा-वल्ह्यांचे जहाज असल्यामुळे इंजिनाच्या बोटीला त्याचे नाव देणे कालविसंगत ठरेल. बिलीमोऱ्याच्या गायकवाडी आरमाराविषयी लिहिताना ते अवश्य वापरावे.