उत्तर किती चुकलंय, ते आधी सांग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

या सत्रात न्यूमरिकल मेथड्स, म्हणजे गणिताची उत्तरं आकडेमोडीने जवळपास काढायच्या पद्धती, हा विषय घेतलास, चांगलं केलंस. पहिले दोन आठवडे विषय फार सोपा वाटेल. सूत्र दिलेलं असतं, आकडे घालायचे, उत्तर हजर. बहुतेक जण इथेच फसतात. पद्धतींची यादी पाठ होते, पण आलेल्या उत्तरातले किती अंक खरे आहेत, हे कुणी विचारत नाही. इथे जवळपास प्रत्येक उत्तर थोडंफार चुकीचंच असतं. किती चुकीचं आणि कशामुळे, एवढंच खरं तर शिकायचं आहे.

म्हणून पहिली सवय ही लाव. कोणतीही पद्धत कोडमध्ये उतरवली की ती आधी अशा प्रश्नावर चालव, ज्याचं उत्तर तुला ठाऊक आहे. ‘ई’च्या क्ष-घाताचं ० ते १ इंटिग्रल घे. खरं उत्तर १.७१८२८२. ट्रॅपेझॉइडल नियमाने, म्हणजे वक्राखालचं क्षेत्र समलंब पट्ट्यांत कापून बेरीज करताना, ४ पट्ट्या घेतल्या तर १.७२७२२२ येतं, ८ पट्ट्यांना १.७२०५१९, १६ पट्ट्यांना १.७१८८४१. आता उत्तरांकडे बघू नकोस, चुकांकडे बघ: ०.००८९४०, ०.००२२३७, ०.०००५५९. पट्ट्या दुप्पट केल्या की चूक चौथाई. इंटिग्रलच्याच सिम्पसन नियमाला ती सोळावा हिस्सा व्हायला हवी, अवकल समीकरणं सोडवणाऱ्या चौथ्या दर्जाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीलाही तेवढीच, आणि त्यांच्याच साध्या ऑयलर पद्धतीला फक्त निम्मी.

हे गुणोत्तर कोडमधली चूक पकडतं, आणि नुसत्या उत्तराकडे बघून कधीच सापडणार नाहीत अशा चुका पकडतं. समज, टोकाच्या दोन बिंदूंना निम्मं वजन द्यायचं राहून गेलं. उत्तर तरीही खऱ्याकडे सरकत राहील, पट्ट्या वाढवल्या की सुधारेलही. त्यामुळे संशयच येणार नाही. पण चूक दर वेळी चौथाई न होता निम्मी होईल, आणि तिथे कोड उघडा पडतो. लूप एका पायरीने कमी चालला, तरी असंच काहीतरी दिसतं.

गुणोत्तर बिघडलं म्हणून लगेच कोडला मात्र बोल लावू नकोस, आधी फलन बघ. क्षच्या वर्गमुळाचं ० ते १ इंटिग्रल काढलंस तर ट्रॅपेझॉइडलचं गुणोत्तर ४ न येता २.८ च्या आसपास येईल. शून्यापाशी त्या वक्राचा उतार अनंत आहे आणि नियमाची हमी तिथे लागू होत नाही. कोड बरोबरच आहे.

खरं उत्तर ठाऊक नसेल तर? तीन वेळा चालव, दर वेळी पायरी, म्हणजे पट्टीची रुंदी, निम्मी कर, आणि लागोपाठच्या उत्तरांमधले फरक भाग. वरच्या आकड्यांत ०.००६७०३ भागिले ०.००१६७८, म्हणजे पुन्हा जवळपास ४. एकदा हे जमलं की ८ पट्ट्यांच्या उत्तराची चौपट करून त्यातून ४ पट्ट्यांचं वजा कर, तिनाने भाग. १.७१८२८४ येतं. नवं गणित जवळपास काहीच नाही, आणि चूक दशांशाच्या सहाव्या स्थळी गेली. यालाच रिचर्डसनची युक्ती म्हणतात.

मग पायरी निम्मी करतच का जाऊ नये? कारण डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या साठवतो त्या नेहमीच्या प्रकारात, ५३ बिट असतात, म्हणजे दशमानात जेमतेम १६ अंक. डेरिव्हेटिव्ह काढताना हे फार झोंबतं. पुढच्या बिंदूची किंमत उणे आधीची, भागिले एच, म्हणजे त्या दोन बिंदूंमधलं अंतर. एच लहान केला की सूत्राची चूक घटते, पण वरच्या दोन किमती इतक्या सारख्या होतात की वजाबाकीत खरे अंक उडून जातात. साध्या, सौम्य फलनाला एच एक भागिले दहा कोटी ठेवला की साधारण ८ अंक हाती लागतात. त्याहून बारीक गेलास की उत्तर बिघडायला लागतं. एच दशांशाच्या पंधराव्या स्थळी नेला तर एखादा अंक खरा मिळाला तरी नशीब. दोन्ही बाजूंचे बिंदू घेणाऱ्या सूत्राला एच लाखांशाच्या घरात ठेव, १० च्या आसपास अंक मिळतात. एच बदलला की चूक किती येते, याचा आलेख लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर दहाच्या पटी) स्वतः काढ. इंग्रजी व्हीसारखा आकार दिसेल. तो एकदा हाताने काढला की राउंडऑफवरचं (अंक तोडल्याने येणाऱ्या चुकीवरचं) निम्मं प्रकरण समजलं.

वजाबाकीचा हाच घोटाळा शाळेतल्या वर्गसमीकरणातही लपलेला आहे. क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ० सोडव. लहान मूळ जवळपास एक भागिले दहा कोटी आहे. नेहमीचं सूत्र तसंच कोडमध्ये घातलंस तर त्याच्या ७४.५ टक्केच येईल. पाव उत्तर गायब, आणि कुठेही इशारा नाही. उपाय सोपा: मोठं मूळ सूत्राने काढ, आणि मुळांचा गुणाकार १ आहे म्हणून लहान मूळ भागाकाराने काढ.

समीकरणाचं मूळ शोधणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीलाही वेगाची हीच कसोटी लाव. क्ष³ − २क्ष − ५ = ० साठी २ पासून निघालास की २.१, मग २.०९४५६८, मग २.०९४५५१४८१७. बरोबर अंक दर फेरीला साधारण दुप्पट होतात. ते न होता चूक दर वेळी ठरावीक पटीनेच घटत असेल, तर एक तर तिथे दुहेरी मूळ आहे, नाहीतर डेरिव्हेटिव्ह हाताने काढताना घसरलास. दुसरी शक्यता जास्त. फेऱ्यांना मर्यादा घाल, ५० पुरे. क्ष³ − २क्ष + २ वर शून्यापासून सुरुवात केलीस तर ०, १, ०, १ असं जन्मभर चालू राहील. आणि फलनाची किंमत लहान झाली म्हणून थांबू नकोस. (क्ष − १)⁴ ची किंमत क्ष = १.०१ ला एक भागिले दहा कोटी असते, मूळ मात्र अजून शतांशाने लांब आहे. मूळ कोणत्या दोन बिंदूंमध्ये आहे एवढंच ठाऊक असेल, तर आधी बायसेक्शनच्या, म्हणजे मध्यावर चिन्ह बघून निम्मा भाग टाकण्याच्या, चार-पाच फेऱ्या मार.

रेषीय समीकरणांबद्दल थोडक्यात. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढून गुणू नकोस. १,००० अज्ञातांना गाउस एलिमिनेशन (एकेक अज्ञात काढून टाकत जाणं) सुमारे ६७ कोटी क्रिया घेतं, इन्व्हर्स त्याच्या तिप्पट. ओळींची अदलाबदल, म्हणजे पिव्होटिंग, कधीही वगळू नकोस. आणि हिल्बर्ट मॅट्रिक्सशी एकदा झटापट कर: प्रत्येक घटक १ भागिले (ओळ + स्तंभ − १), आकार १० बाय १०. सगळी उत्तरं १ यावीत अशी उजवी बाजू तयार करून सोडव. कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतली बारीक चूक उत्तरात किती पट फुगू शकते तो आकडा, सुमारे १६ लाख कोटी आहे, म्हणजे १६ पैकी १३ अंकांचा भरवसा गेला. गंमत अशी की उत्तर परत समीकरणात घातलंस तर ते जवळपास चोख बसतं! तेव्हा ‘घालून बघितलं, जुळलं’ हा पुरावा धरू नकोस.

अवकल समीकरणांत य′ = −१०००य एवढं एक पुरतं. ऑयलरने ०.००३ ची पायरी घेतलीस तर दर पायरीला उत्तर उणे दोनने गुणलं जातं आणि फुटतं. खरं उत्तर मात्र शून्याकडे चाललेलं असतं. ०.००२ च्या खाली राहायलाच हवं. पायरीच्या शेवटचा उतार वापरणारा इम्प्लिसिट ऑयलर त्याच ०.००३ ला दर वेळी चाराने भागतो आणि शांत राहतो.

कोड लिहिताना वेळेत दर फेरीला ०.१ मिळवत जाऊ नकोस. दहा वेळा मिळवून १ होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतं, आणि लूप एक फेरी जास्त घेतो. पूर्णांक मोजून पायरीने गुण. परीक्षेत कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना ते बघ, आणि मधल्या ओळींत मागितले त्याहून दोन अंक जास्त ठेव.

पहिली असाइनमेंट झाली की तीन रकान्यांचा तक्ता पाठव: पायरी, चूक, आणि मागच्या चुकीशी गुणोत्तर. तिसऱ्या रकान्यात काय यायला हवं ते कोड चालवण्याआधी पेनाने लिहून ठेव. कोड नंतर बघू.

कळावे.