वाचक विचारतात : टोनी बेन आणि नकोशी उमरावकी

प्रश्न : ब्रिटनमधले मजूर पक्षाचे नेते टोनी बेन 1961 ची पोटनिवडणूक जिंकले, पण खासदार झाला हरलेला उमेदवार. हे कसं घडलं? वारशाने आलेली उमरावकी सोडतात कशी?

उत्तर : बेन यांच्या वडिलांना (1929-31 मधले भारतमंत्री) 1942 मध्ये व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. थोरला मुलगा युद्धात मारला गेला आणि वारसा टोनींवर आला. नोव्हेंबर 1960 मध्ये वडील वारले, त्या क्षणी मजूर पक्षाचे हे ब्रिस्टलचे खासदार उमराव झाले. उमरावाला हाउस ऑफ कॉमन्समध्ये (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात) बसायला बंदी होती आणि पदवी नाकारायची सोय कायद्यातच नव्हती.

त्यांची जागा रिकामी झाली, तरी 1961 च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले. त्यांना 23,275 मतं, हुजूर पक्षाच्या माल्कम सेंट क्लेअर यांना 10,231. तरी बेनना सभागृहाच्या दारातच अडवलं. उमेदवार अपात्र असल्याचं मतदारांना ठाऊक होतं, म्हणून त्याची मतं वाया गेली, असं निवडणूक न्यायालयाने ठरवलं आणि जागा सेंट क्लेअर यांना मिळाली. आमच्या मते हा मतदारांवर उघड अन्याय होता.

बेन यांच्या चिकाटीने 1963 चा पीअरेज अ‍ॅक्ट, म्हणजे उमरावकी सोडू देणारा कायदा, आला. 31 जुलैला संध्याकाळी 6 वाजता तो लागू झाला आणि 6 वाजून 22 मिनिटांनी बेन यांनी पदवी सोडली. कायदा बदलला तर जागा सोडेन, हा शब्द पाळून सेंट क्लेअरनी ती रिकामी केली. ऑगस्टमध्ये बेन परत निवडून आले.

रीत अशी : लेखी त्यागपत्र लॉर्ड चॅन्सेलरकडे द्यायचं. मुदत वारसा आल्यापासून 12 महिने, पण विद्यमान खासदाराला एकच महिना. मुदत हुकली की हक्क गेला, आणि एकदा सोडलेली पदवी परत घेता येत नाही. मात्र ती नष्ट होत नाही. 2014 मध्ये बेन वारल्यावर ती थोरल्या मुलाकडे, स्टीफन यांच्याकडे गेली. 1999 च्या सुधारणेने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांची हाउस ऑफ लॉर्ड्समधली (उमरावांच्या सभागृहातली) जागा गेली, त्यामुळे तेव्हापासून बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना कॉमन्ससाठी पदवी सोडावी लागत नाही.

प्रश्न : 1981 मध्ये बेन यांचं मजूर पक्षाचं उपनेतेपद कशामुळे हुकलं?

उत्तर : पक्षाच्या या निवडणुकीत मतांना गटांनुसार वजन होतं : कामगार संघटनांना 40 टक्के, खासदारांना 30 आणि मतदारसंघ शाखांना 30 टक्के वजन होतं. शाखा भरभरून बेनकडे होत्या. प्रतिस्पर्धी डेनिस हीलींना 50.426 टक्के, बेनना 49.574. फरक टक्क्याहून कमी, आणि डाव्या गटातलेच काही खासदार तटस्थ राहिले होते. पुढे पक्षाचे नेते झालेले नील किनक त्यांतले एक.