आजोबांवर लिहायचंय, पण नुसतं ‘शिस्तप्रिय’ नको

प्रश्न: नमस्कार ताई, आमचे आजोबा मागच्या पावसाळ्यात गेले, ८४ वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात इंजिनीअर, शिक्षण पुण्यात, उमेदीची बरीच वर्षं पैठणला जायकवाडीवर आणि मग नाशिक. शिडाच्या होडीचं प्रचंड वेड, रिटायर झाल्यावर कुठूनतरी ‘एंटरप्राइझ’ जातीची जुनी होडी विकत आणली आणि गंगापूर धरणावर दर रविवारी चालवायचे, आम्हा नातवंडांनाही न्यायचे. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, नातेवाइकांकडून लेख मागवले तर सगळ्यांनी तेच लिहिलंय, प्रेमळ, शिस्तप्रिय, वक्तशीर. हे कुणाचेही आजोबा असू शकतात ना? मला नीट लिहायचंय पण सुरुवातच होत नाही. आणि होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून आहे, लोक कटकट करतात, बाबा म्हणतात भंगारात देऊन टाकू, आजी काहीच बोलत नाही. काय करू?
– एक नात, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: अगं, ते ‘शिस्तप्रिय’ आधी खोड. जायकवाडीसारख्या मातीच्या धरणावर काम केलेला माणूस शिस्तीचा असणारच, तिथे मातीचा थर नीट दाबला गेला नाही तर पुढे पाणी झिरपतं, त्यामुळे त्यात त्यांचं वेगळं असं काही नाही. शिस्त नेमकी कशात होती ते लिही. होडीचे दोर घरी आणून धुवायचे का, नातवाने गाठ चुकीची मारली तर न ओरडता सोडून परत मारायला लावायचे का, की सरळ ओरडायचे? ओरडत असतील तर तेही येऊ दे. पुस्तिकेत माणसाचा देव झाला की वाचणारे दोन पानांत जांभया देतात.

सुरुवात कुठून करायची म्हणशील तर सेवापुस्तकातून. घरात त्याची झेरॉक्स असेल, पेन्शनच्या फाइलीत बघ. कुठल्या साली कुठे बदली, कधी प्रमोशन, सगळं तारखेसकट सापडतं, आणि घरच्यांच्या आठवणीत पाच-सहा वर्षांचा घोळ सहज असतो, तो तिथे निस्तरतो. मग त्यांच्या बरोबरीचे जे कुणी आहेत त्यांना लवकर गाठ, मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, आणि ‘आजोबा कसे होते’ असं अजिबात विचारू नकोस, त्याला उत्तर ‘फार सज्जन माणूस’ एवढंच येतं. तारीख धरून विचार. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तुझा हिशोब बरोबर असेल तर आजोबा तेव्हा पुण्यात शिकत असणार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, त्या दिवशी धरणावर काम करणारा कुठलाही इंजिनीअर कुठे होता आणि आधी काय तपासायला पळाला हे त्याला आजही आठवत असतं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, मधल्या त्या दहा-अकरा वर्षांत सुमारे १० किलोमीटर लांबीचं धरण उभं राहिलं, तर तिथे तुझ्या आजोबांच्या वाट्याला नेमकं काय आलं होतं? कालवा, दरवाजे, की नुसती मापं? हे एक जरी कळलं तरी तुझा लेख बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल.

नाशिकचंही विसरू नकोस. ऑगस्ट २०१६ च्या पुरात आपण सगळे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जाऊन दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघत होतो, पण पाटबंधारेवाला माणूस घरी बसून विसर्ग किती सोडला ते विचारत असणार. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, तेव्हा हजारोंचा आकडा ऐकून त्यांच्या डोळ्यासमोर जे यायचं ते आपल्या येत नाही. घरात विचार, त्या दिवशी आजोबा काय बोलले.

आता होडी. ज्याने शिडाची होडी पाहिलेलीच नाही त्याला ‘सेलिंगची आवड होती’ यातून काही कळत नाही. वाऱ्याच्या अगदी समोर होडी जातच नाही, साधारण ४५ अंशाचा कोन धरून आधी एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला असं नागमोडी जावं लागतं. पश्चिमेचा वारा असेल तर भिंतीकडून बॅकवॉटरकडे जाताना हीच कसरत, दर वळणाला आडवा दांडा डोक्यावरून सपकन जाणार, सगळ्यांनी मान खाली घालून पलीकडच्या बाजूला सरकायचं, आणि येताना मात्र वारा पाठीशी. तू त्यात बसलेली आहेस ना, मग ते लिही, कुणाच्या डोक्याला दांडा लागला, होडी उलटली तेव्हा आजोबा मधल्या फळीवर (होडीच्या तळातून खाली पाण्यात जाते ती) उभे राहून ती कशी सरळ करायचे. मला तर तुझ्या पत्रात सगळ्यात भारी हे वाटलं की आयुष्यभर पाणी अडवणारा माणूस रिटायर झाल्यावर त्याच पाण्यावर खेळायला गेला, पण हे वाक्य तू छापू नकोस हं, वाचणाऱ्याचं त्याला सापडू दे.

आजी बोलत नाही म्हणतेस. तिचे कितीतरी रविवार त्या होडीने खाल्लेत, तिला राग असेल, अभिमान असेल, दोन्ही असेल. मेथी निवडताना शेजारी बस आणि डब्यात काय द्यायचीस, ओले कपडे कुठे वाळत घालायचीस एवढंच विचार.

फोटोंच्या मागे नावं पेन्सिलीने लिही, बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. जुनी ड्रॉइंगं, त्या अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकला) असतील तर उजेडात उडतात, फोटो काढून घे आणि गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेव, फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा मोह नको.

आणि भंगार वगैरे काही नाही! एंटरप्राइझ हे जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये केलेलं डिझाइन, सव्वातेरा फुटांची दोघांची होडी, निळ्या शिडांवरून लांबून ओळखू येते, आणि शिकणाऱ्यांना अजूनही चालते. प्लायवूडची असेल तर मधल्या फळीच्या खाचेशी आणि कडांना लाकूड कुजलंय का ते टोकदार काहीतरी टोचून बघ. धड असेल तर एखाद्या सेलिंग क्लबला दे. सुकाणू घरी ठेवावंसं वाटेल, पण मग क्लबवाल्यांनी ती चालवायची कशी? त्यापेक्षा एखादं फाटकं शीड ठेव, साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून. मात्र हे सगळं आजीला विचारून, बाबांना नंतर सांगितलंस तरी चालेल.

प्रश्न: माझे सासरे ७२ वर्षांचे, रिटायर इंजिनीअर. नौदलाचे दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन एकटे जगाला चक्कर मारून आले हे वाचल्यापासून यांना सेलिंग शिकायचंय. घरात सगळे विरोधात. काय सांगू?
– एक सून, इंदिरानगर

उत्तर: दोंदे २००९-१० मध्ये गेले ते नौदलातली नोकरी आणि भरपूर तयारी पाठीशी घेऊन, हे सासऱ्यांना आधी सांगा. बाकी शिकू द्या की. डॉक्टरांचा सल्ला घ्या, पोहता येतं का बघा, येत नसेल तर आधी तेच. पहिले धडे भर पावसाळ्यात नकोत, लाइफ जॅकेट नुसतं अंगावर नको, बकल लावलेलं हवं, आणि शिकवणाऱ्यांची मोटरबोट जवळपास हवी, कारण छोटी होडी शिकताना उलटणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घरच्यांना एकदा काठावर घेऊन जा, निम्मा विरोध तिथेच संपेल. उरलेला सासूबाईंचा असेल, तो तुमचा तुम्ही बघा.