नववीच्या नव्या वर्गशिक्षिकेस

मॅडम, सुरुवात लोहाच्या निळ्या गोळीपासून करा. आठवड्याला एकच, पण डबा खाल्ल्यावर. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि पुढची गोळी गुपचूप खिडकीबाहेर जाते. त्यानंतर तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी मुली पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जायचं नसतं. पाण्यावर भाषण देण्याआधी त्या दाराची कडी बघा! गाडीचं मात्र पालकांनाच सांगा: अल्पवयीनाच्या हाती दिली तर २५,००० रुपये दंड, तुरुंगही. लैंगिक अत्याचार कानावर आला तर घरच्यांशी ‘मिटवून’ घेऊ नका; न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर फळ्याशेजारी लिहून ठेवा.