धर्मसमुदायाने समलिंगी समतेसाठी लढणाऱ्यांचा मान राखल्याची उदाहरणे आहेत का?

आपण विचारले आहे की, समलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांसाठी धैर्याने उभे राहिलेल्यांचा एखाद्या धर्मसमुदायाने मनापासून सन्मान केला आहे का, आणि आपल्याकडे वारकऱ्यांच्या गावांत तसे घडेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याबाबत मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

अमेरिकेतील युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने १९७२ मध्ये विल्यम जॉन्सन यांना, ते समलिंगी असल्याचे उघडपणे सांगत असताना, धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एपिस्कोपल चर्चच्या लोकांनी जीन रॉबिन्सन यांना बिशप म्हणून निवडले, आणि जिवाच्या धमक्यांमुळे दीक्षाविधीच्या दिवशी त्यांना धर्मवस्त्रांच्या आत गोळीरोधक जाकीट घालावे लागले. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणे सोपे असते. या भाविकांनी त्यांना आपल्या धर्मगुरूच्या जागी बसवले, म्हणून मला तो खरा सन्मान वाटतो. मेथडिस्ट पंथाने मात्र फ्रँक शेफर यांचे पद २०१३ मध्ये काढून घेतले, कारण त्यांनी स्वतःच्या मुलाचे त्याच्या जोडीदाराशी लग्न लावले होते. ते पद पुढच्याच वर्षी परत मिळाले, पण समलिंगी धर्मोपदेशकांवरील बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

आता खानदेशाकडे येतो. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषणाला बसलेले साने गुरुजी पूर्वी आमच्या अमळनेरला शिक्षक होते आणि त्यांचे नाव आमच्याकडे आजही आदराने घेतात, म्हणूनच माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जे झाले ते मला फार लागले. तो लहानपणापासून गावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज वाजवायचा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, त्यानंतर काही महिन्यांनी त्याने आपण समलिंगी असल्याचे घरी सांगितले आणि ते गावभर झाले. त्या सप्ताहात पखवाज दुसऱ्याकडे गेला. कोणी तोंडावर काही बोलले नाही, पण पंगतीत त्याच्या शेजारचे पान रिकामे राहिले.

पुढच्या सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची यादी लिहिताना भजनी मंडळातील सर्वांत वयोवृद्ध बुवांनी स्वतःच्या पहाऱ्यानंतर लगेच, पहाटे दोन ते चार, माझ्या भावाचे नाव लिहिले. सातही दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, आणि ती ज्याच्या गळ्यात असते त्याच्या पायांना हात लावूनच माणूस पुढे बसतो. दोन वाजता बुवा ‘धर रे भाऊ’ एवढेच म्हणाले, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ वाकून त्याच्या पाया पडले. चारला काकड्यासाठी जमलेल्यांत पखवाज काढून घेणारेही होते. त्यांतले दोघे दारातूनच परतले, बाकीचे पायांना हात लावून आत येऊन बसले. पखवाज आता पुन्हा त्याच्याकडे आहे.