किती टेस्ट केसेस लिहू?

मागच्या अंकात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात येण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याबद्दल, प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. बरेच आले, त्यातले चार या वेळी घेतेय. मी गेली सोळा वर्षं पुण्यात टेस्टिंगच करतेय आणि मला हे काम मनापासून आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी बी.कॉम. झाल्यावर मॅन्युअल (हाताने करायच्या) टेस्टिंगचा कोर्स केला, तीन महिन्यांपूर्वी एका छोट्या कंपनीत लागले. लीड सारखे म्हणतात तुझ्या टेस्ट केसेस (काय टाकल्यावर काय यायला हवं हे लिहिलेल्या तपासण्या) कमी पडतात. पण एका स्क्रीनला किती लिहायच्या हे कोणी सांगतच नाही. – एक वाचिका, बार्शी

आकडा मीही सांगणार नाही गं, कारण चाळीस केसेस लिहूनही एकच गोष्ट चाळीस वेळा तपासलेली असू शकते. तुला रोजचं उदाहरण देते, एसटीचं तिकीट. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत, आणि मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं. समज कंडक्टरच्या हातातल्या तिकीट मशिनचं सॉफ्टवेअर तुझ्याकडे तपासायला आलंय.

आता तू 20, 30 आणि 40 वयाचे तीन पुरुष प्रवासी घेतलेस तर ती एकच टेस्ट तीनदा झाली, कारण कोडच्या दृष्टीने तिघं सारखेच, फुल तिकीट. या गटातला एकच घ्यायचा आणि पुढे जायचं. याला इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग म्हणतात, नाव अवघड आहे पण गोष्ट एवढीच. खरा वेळ द्यायचा तो कडांना. 4 आणि 5, 12 आणि 13, 64 आणि 65, मग 74, 75, 76. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, इथे सापडतात कारण 'पेक्षा मोठं' आणि 'पेक्षा मोठं किंवा तेवढंच' यात कोडमध्ये एका चिन्हाचा फरक असतो आणि ते चिन्ह कोणाच्याही हातून राहतं, चांगल्या चांगल्या डेव्हलपरच्या हातूनसुद्धा. हीच ती बाउंड्री व्हॅल्यू.

आणि कडेला उभं राहिलं की प्रश्न सुचतात. ज्या आजोबांना आज 75 पूर्ण झाली ते '65 ते 75' मध्ये धरायचे की '75 वर्षांवरील' मध्ये? दोन्ही वाक्यं कागदावर बरोबर वाटतात पण मशिनला एकच उत्तर लागतं. हे तू मनाने ठरवायचं नाही, बीएला (बिझनेस ॲनालिस्टला, सॉफ्टवेअरने काय करायचं हे लिहून देणाऱ्याला) विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. आत्ता विचारलंस तर दहा मिनिटांचं काम आहे, नाहीतर तो वाद बसमध्ये कंडक्टर आणि आजोबांमध्ये होणार.

मग एक कोष्टक काढ, एका बाजूला वयाचे गट, दुसऱ्या बाजूला स्त्री आणि पुरुष, प्रत्येक चौकटीत भाडं. 70 वर्षांच्या आजींना ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि महिला म्हणूनही अर्धं, मशिन अर्ध्याचं अर्धं तर करत नाहीये ना? 8 वर्षांच्या मुलीचंही तेच. आणि 80 वर्षांच्या आजींना 'महिला' दाबल्यावर अर्धं लागता कामा नये. असे एकत्र आलेले नियम कोष्टक काढल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाहीत, ही डिसिजन टेबलची पद्धत मी आजही कागद-पेन्सिल घेऊनच करते.

एक शेवटचं, वय जन्मतारखेवरून निघत असेल तर रात्री बारानंतर एकदा टेस्ट कर. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरला अजून कालचाच दिवस वाटतो आणि ज्याचा आज वाढदिवस आहे त्याला तो एका वर्षाने लहान समजतो. रात्री जागायला नको, टेस्ट मशिनचं घड्याळ बदलून घे.

प्रश्न: आमच्याकडे रिग्रेशनच्या (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना हे बघण्याच्या) 900 केसेस आहेत, रिलीज दोन दिवसांवर असतं आणि टेस्टर आम्ही दोघंच. मॅनेजर म्हणतात सगळं झालं पाहिजे. काय सोडायचं? – एक वाचक, हिंजवडी

सगळं होणार नाही हे तुम्हाला माहितेय आणि मॅनेजरलाही माहितेय, तरीही 900 वर टिक मारल्या जातात आणि शेवटच्या 500 केसेस न बघताच पास होतात, हे मी खूप ठिकाणी बघितलंय आणि मला त्याची खरंच चीड येते. खोटी टिक मारण्यापेक्षा न केलेली केस शंभरपट बरी, निदान ती झाली नाही हे समोर तरी असतं.

आधी डेव्हलपरच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या या नव्या आवृत्तीत, कुठल्या फाइल्स बदलल्यात आणि त्यांना अजून कोण वापरतं. रिलीज नोट वाचून कळत नाही ते पंधरा मिनिटांच्या गप्पांत कळतं. मग पैशाचे रस्ते घ्या, पेमेंट, रिफंड, व्याज, बिल. मग गेल्या सहा महिन्यांत जिथे जिथे बग निघाले त्या जागा, कारण जिथे एकदा गळतं तिथे परत गळतं. यात दीड दिवस जातो, उरलेल्या वेळात बाकीच्या स्क्रीन्सवरून एकदा हात फिरवा. आणि साइन-ऑफच्या (टेस्टिंग झालं असं कळवण्याच्या) मेलमध्ये स्पष्ट लिहा की हे हे तपासलेलं नाही. रिस्क घ्यायची की नाही ते मॅनेजरने ठरवू दे, पण डोळे उघडे ठेवून.

एक गोष्ट मात्र करू नका, 'हा कोड जुना आहे, त्याला हात लावलेला नाही' म्हणून तो भाग यादीतून काढू नका. 4 जून 1996 ला युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण 40 सेकंदांत फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियन 4 वरून तसाच घेतला होता, तिथे तो नीट चालत होता. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेगाने जाणारं, त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की तो 16 बिटांच्या जागेत मावेना, त्या जागेत जास्तीत जास्त 32,767 मावतात. यंत्रणा बंद पडली आणि मदतीला ठेवलेली दुसरी यंत्रणाही त्याच कोडवर चालणारी, ती तर तिच्या आधीच गेली होती. कोड बदलला नव्हता, त्याच्या भोवतालचं जग बदललं होतं.

माझ्याही हातून असं सुटलंय. एका कंपनीत कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. 31 जानेवारीला हप्ता असेल तर पुढचा 28 फेब्रुवारी, बरोबर. पण त्याच्या पुढचा 31 मार्चला यायच्या ऐवजी 28 मार्चला आला, मग 28 एप्रिल, कारण प्रत्येक तारीख आधीच्या हप्त्यात महिना मिळवून काढली जायची, मूळ 31 कोणाच्या लक्षातच राहायची नाही. मी सगळ्या केसेस 5 तारखेवर केल्या होत्या. ज्यांचा पगार महिनाअखेरीला होतो त्यांचे हप्ते बाउन्स झाले, दंड लागला. दंड नंतर परत दिला गेला, पण त्या दिवसापासून तारीख दिसली की मी महिन्याची 31 आणि 30, शिवाय 29 फेब्रुवारी आणि 31 मार्च यांच्याशिवाय पुढे जात नाही.

प्रश्न: मॅन्युअल टेस्टिंग संपलं, आता ऑटोमेशनच (टेस्ट प्रोग्रॅमकडून आपोआप करून घेणं) असं सगळे म्हणतात. त्यासाठीच्या टूल्सपैकी सेलेनियम शिकू की प्लेराइट? – एक वाचक, नागपूर

कुठलंही एक शिका, दुसरं दोन आठवड्यांत येतं. जे रोज तसंच तपासायचं असतं, लॉगिन, बेरजा, एपीआय (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो मार्ग), ते मशिनला द्या. स्क्रीन अजून दर आठवड्याला बदलतेय तोपर्यंत तिचं ऑटोमेशन करू नका, स्क्रिप्ट दुरुस्त करण्यातच दिवस जातो. आणि एखादी स्क्रिप्ट कधी पास कधी फेल होत असेल तर परत रन करून सोडून देऊ नका, कारण शोधा, नाहीतर हळूहळू टीम फेल दाखवणाऱ्या लाल रंगाकडे बघायचंच बंद करते. पण काय तपासायचं हे सुचणं मात्र वरच्या बार्शीच्या ताईला सांगितलं तसंच शिकावं लागतं, ते कुठलंही टूल देत नाही.

प्रश्न: मी टेस्टर नाही, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. नवीन मराठी सॉफ्टवेअर आलंय, साहेब म्हणाले तुम्ही वापरून बघा आणि सही करा. काही सभासदांची नावं समोर दिसतात पण सर्च केलं की सापडत नाहीत. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडे चालतंय. – एक वाचक, सातारा जिल्हा

दादा, तुम्ही जे करताय तेच टेस्टिंग आहे, आणि सही घाईने करू नका.

न सापडणारी नावं गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशी आहेत का बघा. आपला हा 'ऱ्ह', 'ऱ्य' दोन पद्धतीने टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी एकसारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी नावं. ॲडव्होकेटमधल्या 'ॲ'चंही असंच होतं. शिवाय तुमचा जुना डेटा जुन्या मराठी फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर पहिल्या वेलांटीची नावंही बघा, त्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असायची आणि बदलताना ती चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते.

लांब नावंही टाकून बघा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण आत साठवताना त्याचे दहा तुकडे होतात आणि ते 30 बाइट्स घेतात. रकाना इंग्रजीच्या हिशोबाने ठेवला असेल तर आडनाव मधेच कापलं जातं. एसएमएसही तपासा, इंग्रजीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, मराठीत 70, म्हणजे ठेवीची मुदत संपल्याचा साधा निरोपही दोन-तीन मेसेजच्या पैशात जाऊ शकतो.

'आमच्याकडे चालतंय' याला उत्तर एकच, त्यांना तुमच्यासारखंच करून बघता आलं पाहिजे. फोनवर 'सर्च चालत नाही' असं सांगू नका. असं लिहून पाठवा: 'सभासद शोधा या स्क्रीनवर आडनावात गोऱ्हे टाइप केलं, शोधा दाबलं, शून्य नोंदी आल्या, यादीत हे नाव दिसतंय, फोटो सोबत.' कुठल्या कॉम्प्युटरवर आणि कुठल्या कीबोर्डने टाइप केलं तेही लिहा, या बगमध्ये सगळी गोम तिथेच आहे.

आणि साहेबांना सांगून एक महिना जुनं आणि नवं दोन्ही सोबत चालवा. रोज संध्याकाळी रोजकीर्द दोन्हीकडून काढून ताडून बघा, व्याजात पैशांचा फरक आला तरी सोडू नका, प्रत्येक खात्यावर राउंड केलेले पैसे शेवटच्या बेरजेत रुपयांनी वाढतात. त्या महिन्यात 31 मार्च येत नसेल तर टेस्ट कॉपीवर तारीख पुढे नेऊन वर्षअखेर चालवून दाखवा असं कंपनीला सांगा, आणि ते बघितल्यावरच सही करा.